जिमनीवर कॅरिअर आणि जादा दिवे : सह्याद्रीतल्या पावसासाठी काय लावावं, कुठे लावावं?

कातळकडा (पुणे)

नमस्कार मंडळी.

जून २०२३ मध्ये मारुती सुझुकीची पाच दारांची जिमनी बाजारात आली आणि त्याच वर्षी दिवाळीला आम्ही घेतली. मॅन्युअल, अल्फा. आजवर ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली सगळे घाट झाले. गाडीवर आमचा फार जीव आहे. अडचण एकच, सामान. मागचं सीट उभं असताना डिकी २०८ लिटरची. मी, बायको आणि दोन मुलं बसलो की दोन बॅगा आणि पाण्याचा कॅन, एवढ्यात जागा संपते. तंबू, अंथरूण, शेगडी पायाशी घेऊन बसावं लागतं.

दुसरी गोष्ट दिव्यांची. गेल्या जुलैत निजामपूरहून ताम्हिणी चढताना रात्री साडेनऊला असं धुकं उतरलं की पुढचा पांढरा पट्टासुद्धा दिसेना. धाकटी मागे रडायला लागली. तेव्हाच ठरवलं, पुढच्या पावसाळ्याआधी गाडीला चांगले दिवे लावायचे.

इथल्या एका वर्कशॉपने पुढचं सगळं मिळून ६२ हजार सांगितले आहेत :

- छतावर पूर्ण लांबीचं लोखंडी कॅरिअर, एक इंची पाइपचं, वर जाळी
- त्याच्या पुढच्या कडेला ५० इंची एलईडी बार, २४० वॅट
- कॅरिअरच्या चार कोपऱ्यांना चार छोटे दिवे, प्रत्येकी १८ वॅट
- मागे शिडी

पुढे कधीतरी छतावरचा तंबूही घ्यायचा विचार आहे. वर्कशॉपवाले म्हणतात, "वायर हेडलाइटच्या बटणालाच जोडून देतो, वेगळं बटण नको." हे ऐकून मन थोडं साशंक झालं, म्हणून इथे विचारतोय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


उद्यमनगरी (कोल्हापूर)

भावा, पैसे देऊ नको अजून. थांब.

माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. आमच्याकडं वडापच्या (शेअर प्रवासी वाहतुकीच्या) ट्रॅक्स, कमांडर जीपा यायच्या तेव्हापासून मी कॅरिअर बनवतोय. त्या गाड्यांवर आंब्याच्या पेट्या, कडब्याच्या पेंढ्या, वर चार माणसं, सगळं चालायचं. लोकांच्या डोक्यात कॅरिअर म्हणजे अजून तेच आहे. पण ती गाडी वेगळी होती आणि तुझी जिमनी वेगळी आहे. आधी हिशोब बघ.

जिमनीचं रिकामं वजन साधारण १२१० किलो, आणि माणसं-सामानासकट कमाल १५४५. म्हणजे तुझ्या हातात ३३५ किलो आहेत. चार मोठी माणसं सरासरी ७० किलोची धरली तर २८० गेले. उरले ५५. तुझी मुलं लहान आहेत, म्हणून अजून थोडं मिळेल. पण ती वाढणार.

आता पाइप. २५ मिमी बाहेरचा व्यास, २ मिमी जाडी, या लोखंडी पाइपचं वजन मीटरला १.१३ किलो. पूर्ण लांबीच्या कॅरिअरला कमीत कमी २२ मीटर पाइप लागतो. झाले २५ किलो. जाळी, पाय, शिडी, बार धर, ४० च्या पुढं गेलास. अजून एक पिशवी ठेवली नाहीस वर. छतावरचा तंबू एकटाच ५०-६० किलोचा असतोय.

आणि छत किती सोसतं तेही बघ. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिमनीच्या पुस्तिकेत छतावरचं वजन फक्त ३० किलो दिलंय. तुझ्या गाडीची पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये असेल, तिच्यात बघूनच पुढं जा. हा आकडा चालत्या गाडीचा असतो आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं. गाडी उभी असताना छत याच्या कितीतरी पट सोसतं, म्हणून तर तंबूत माणसं झोपतात. खड्ड्यात आदळल्यावर मात्र वरचे ४० किलो क्षणभर ८०-१०० किलोसारखे दणका देतात, आणि तो सगळा दणका गटरच्या, म्हणजे छताच्या कडेच्या पाणी वाहून नेणाऱ्या खोबणीच्या पत्र्यावर येतो.

त्याहून मोठी भीती कलंडण्याची. सोपं गणित मांडतो. समजा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि वजन १२०० किलो. आता १८० सेंटिमीटर उंचीवर ८० किलो ठेवले. नवा मध्य ७२ सेंटिमीटरवर गेला. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर धरलं तर कागदावर गाडी आधी ४७ अंशाला कलंडणार होती, ती आता ४४ ला कलंडेल. ३ अंश म्हणजे किरकोळ वाटतंय. पण कडेवर गाडी तिरकी झाली की उताराकडचं सस्पेन्शन दबतं, टायर दबतो, खालचं चाक मऊ मातीत रुततं. म्हणजे खरा कोन कागदापेक्षा आधीच बराच कमी असतोय. त्यातले ३ गेले तर फरक पडतो. आमच्या पोरांसोबत एकदा पन्हाळ्याच्या बाजूला तिरक्या चढावर एक गाडी हळूच बाजूला झोपली. वर भरलेले दोन पाण्याचे कॅन होते, ४० लिटर. खाली ठेवले असते तर झोपली नसती, असं मला आजही वाटतं. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा.

माझा सल्ला : लोखंड नको, अ‍ॅल्युमिनियम घे. त्याच मापाचा पाइप मीटरला ३९० ग्रॅम. पूर्ण लांबी नको, दोन-तृतीयांश पुरे. आणि जिमनीला गटर आहे, ही या गाडीची फार मोठी सोय आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना नसतं. त्यामुळं छताला एकही भोक पाडायचं नाही. कुणी पाडतो म्हणाला तर गाडी घेऊन सरळ निघून ये.


डोंगरवारी

उद्यमनगरी यांना +१. वजनाचं गणित इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.


बारा_व्होल्ट (नाशिक)

कातळकडा, तुमच्या मनात शंका आली ते बरं झालं. हेडलाइटच्या बटणाला ३१२ वॅट जोडणं म्हणजे गाडीत आगपेटी ठेवणं आहे. मी ३१ वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, आता मुलगा बघतो. जळालेलं वायरिंग हाताने सोडवलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

आधी अ‍ॅम्पिअर काढा. बार २४० आणि चार दिवे ७२, मिळून ३१२ वॅट. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरा. ३१२ भागिले १३.५, म्हणजे २३ अ‍ॅम्पिअर. तुमच्या स्टिअरिंगजवळचं बटण हे ओझं वाहायला बनलेलंच नाही. शिवाय नव्या गाड्यांत त्या बटणामागे संगणक बसलेला असतो, मूळ तार कापली की वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. (स्वस्त बारवर लिहिलेले वॅट बहुतेक वेळा खरे नसतात. क्लॅम्प मीटर लावून मोजून घ्या. पण तार निवडताना लिहिलेलाच आकडा धरा.)

बरोबर पद्धत अशी. बॅटरीच्या धन टोकापासून जाडी तार निघेल. टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. हे सगळ्यात महत्त्वाचं. फ्यूज दिव्याचं रक्षण करत नाही, तारेचं करतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कुणाचंच रक्षण नसतं. तो कुठे घासून बॉडीला लागला तर अख्खी बॅटरी त्यातून ओतली जाते आणि तार लाल होते. लोक फ्यूज सोयीसाठी डॅशबोर्डखाली बसवतात, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

मग ४० अ‍ॅम्पिअरचा रिले, म्हणजे थोड्या विजेने चालणारा मोठा स्विच. त्याच्या पायांवर नंबर असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली तार. ८७ वरून दिव्याकडे. ८५ अर्थिंगला. ८६ वर बटणाची बारीक तार. बटणातून जाते ती फक्त रिलेचं कॉइल ओढण्यापुरती वीज, अर्धा अ‍ॅम्पिअरसुद्धा नाही. खरा भार रिले उचलतो.

८६ ला बटणातून जो पुरवठा द्याल, तो अप्परच्या लाइनवरून घ्या, मूळ तार न कापता. म्हणजे अप्पर लागला तरच जादा दिवा लागेल आणि समोरून कुणी आलं की लोअरवर येताक्षणी तो आपोआप विझेल. वेगळं बटण हवंच, पण ते पूर्ण बंद ठेवण्यासाठी. समोरच्याला बघून दोन-दोन बटणं दाबायला घाटात वेळ मिळत नाही.

तारेची जाडी. बॅटरीपासून छतापर्यंत ४ मीटर, परतीचे ४, एकूण ८ मीटर धरा. १० अ‍ॅम्पिअरचा दिवा आहे. ०.७५ चौरस मिमीची तार घातली, जी स्वस्त किटमध्ये सर्रास येते, तर वाटेतच जवळपास १.९ व्होल्ट पडतात आणि १९ वॅट उष्णता तारेतच तयार होते. तीच तार अडीच चौरस मिमीची घेतली तर ०.५६ व्होल्ट पडतात. फरक दोनशे-तीनशे रुपयांचा असेल. इथे काटकसर करू नका.

बाकी बारीकसारीक : जोड चिकटपट्टीने गुंडाळलेला चालणार नाही, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून खाली येतो. तारेच्या टोकाला दाबून बसवलेला (क्रिंप केलेला) धातूचा लग आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. इंजिनच्या पत्र्यातून तार आत घेताना भोकाच्या कडेला बसणारं रबरी ग्रोमेट हवंच, पत्र्याची कड वर्षभरात तार कापते. बाहेरचे कनेक्टर पाणी न शिरणारे, कुलूपवाले. आणि तार छतावरून खाली आणताना आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, इंग्रजी यू सारखा. पाणी त्या झोळाच्या तळाशी जमून ठिबकतं. झोळ नसेल तर तेच पाणी तारेचं बोट धरून केबिनमध्ये येतं. अर्थिंगला रंग खरवडून शुद्ध पत्र्यावर बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. दिवा कधी लागतो कधी नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहांतल्या सात गाड्यांत अर्थिंगच खराब निघायचं.

दिव्यावर आयपी ६७ लिहिलंय का बघा. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही. दुसरा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल.


आंबोलीकर

वायरिंग बारा_व्होल्ट यांनी सांगितलंच आहे. मी बारविषयी बोलतो. रोज आंबोली घाटातून दूध घेऊन सावंतवाडीत उतरतो. आमच्याकडे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर धुकं हा इथला नेहमीचा पाहुणा.

कातळकडा, तुम्हांला धुक्यात दिसत नव्हतं म्हणून तुम्ही छतावर बार लावताय. छतावरचा बार धुक्यात सगळ्यात निरुपयोगी दिवा आहे. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. प्रकाश त्यांवर आपटून उलटा तुमच्याकडे येतो. दिवा जितका तुमच्या डोळ्यांच्या ओळीजवळ, तितका तो उलटा प्रकाश थेट डोळ्यांत. समोर पांढरी भिंत उभी राहते. शिवाय वरचा प्रकाश बॉनेटवर पडून तेही चमकतं, ते वेगळंच. जास्त वॅट म्हणजे जास्त पांढरी भिंत. मुसळधार पावसात आणि उन्हाळ्यातल्या धुळीतही तेच.

धुक्यातला दिवा खाली हवा, बंपरच्या उंचीवर, रुंद आणि आडवा पसरणारा, वर कापलेला. तो धुक्याच्या खालून रस्त्यावर सरपटतो आणि कडेचा पट्टा दाखवतो. रंग पिवळा असेल तर डोळ्यांना कमी त्रास होतो, असा माझा तरी अनुभव. अप्पर बंद, लोअर चालू.

आणि वेग. धुक्यात १५ मीटर दिसतंय असं समजा. ताशी ४० ने चाललात तर सेकंदाला ११ मीटर जाता. दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे १७ मीटर, पुढे ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी १२. एकूण २९. दिसतात १५. ताशी २० ने चाललात तर सगळं मिळून ११-१२ मीटरमध्ये थांबता. हे कुठल्याही दिव्याने बदलत नाही.

आता एक सांगतो, ते मनातून जात नाही. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी आणि बायको मोटारसायकलवरून वर येत होतो. वळणावर समोरून एक मोठी गाडी आली. छतावर बार, पूर्ण चालू. मला पुढचं काहीच दिसेना. रस्ता नाही, कठडा नाही, काहीच नाही. मी ब्रेक मारला, चाक शेवाळलेल्या कडेवर गेलं आणि आम्ही दोघं डोंगराच्या बाजूच्या गटारात पडलो. तिचं मनगट मोडलं. आम्ही उतरणीच्या बाजूला असतो तर हे लिहायला मी नसतो. गाडीवाला थांबला नाही. त्याला बहुधा कळलंही नसेल, त्याच्यासमोर तर सगळं लख्ख होतं.

तुम्ही विचारून करताय, म्हणून मनापासून लिहितोय. घाटात समोर दुचाकीवर कुणीतरी असतंच.


कातळकडा

आंबोलीकर, वाचून सुन्न झालो. वहिनींचा हात आता कसा आहे?

मी बारचा विचार करताना फक्त माझ्या काचेतून बाहेर बघत होतो. बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, बार रद्द. मलाही पटलं.

उद्यमनगरी दादा, काल ग्लव्ह बॉक्समधली पुस्तिका काढली. मी ३० किलोची मर्यादा कॅरिअरसकट पाळायचं ठरवलंय. छतावरचा तंबूही रद्द, जमिनीवरचाच घेतो.


आंबोलीकर

हात बरा आहे. पावसात दुखतो. विचारलंत, बरं वाटलं.


धुरळा_उडवा

एवढं घाबरायचं काय कारण? आमच्या ग्रुपमध्ये बारा गाड्या आहेत, सगळ्यांना बार आहेत. आजवर कुणी अडवलं नाही. बार ही ऑफरोडिंगची ओळख आहे. रस्त्यावर बंद ठेवायचा, ट्रॅकवर लावायचा, विषय संपला.


सनदशीर (ठाणे)

धुरळा_उडवा, कुणी अडवलं नाही म्हणजे कायद्यात बसतं असं होत नाही. मी मोटार अपघात दाव्यांच्या प्रकरणांत काम करते, म्हणून थोडं नेमकं लिहिते.

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ : नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. कायद्यात न बसणाऱ्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दिव्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ बघा. नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेऊनच. नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाविषयी आहे. "लावलाय पण बंद ठेवतो" हा युक्तिवाद १११ पुढे कमकुवत आहे, कारण तिथे प्रश्न दिवा गाडीवर बसवण्याचाच आहे. ट्रॅकवर हवाच असेल तर पटकन निघणाऱ्या क्लॅम्पवर बसवा, डिकीत ठेवून न्या, ट्रॅकवर चढवा आणि घरी येताना उतरवा.

पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड लावून त्यावर दिवे बसवायचा मोह होतो. तेही नको. डिसेंबर २०१७ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. कारण साधं आहे. तो गार्ड धडकेचं बळ थेट चासीत नेतो, एअरबॅगचं गणित बिघडवतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो.

बोल्टने बसणारं, काढता येणारं हलकं कॅरिअर इंजिन, चासी, आसनं यांतलं काही बदलत नाही. पण सामान बाजूने बाहेर येऊ देऊ नका आणि एकूण वजन १५४५ च्या आत ठेवा. बिल जपून ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा, जादा वस्तूंची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवता येते. एका दाव्यात शॉर्ट सर्किटने गाडी जळाली होती. बाहेरून केलेलं, न कळवलेलं वायरिंग पंचनाम्यात आलं आणि त्या कुटुंबाला दीड वर्ष खेटे घालावे लागले.


धुरळा_उडवा

क्लॅम्पची गोष्ट पटली. नियम १११ माहीत नव्हता. ग्रुपवर हा धागा टाकतो.


रानवाटा (सातारा)

माझ्याकडे थार आहे. पावसाळ्यात रात्री बेडूक-साप मोजायला जाते, त्यामुळे जंगलाच्या कडेचे रस्ते ओळखीचे.

एक मुद्दा राहिला. लांब फेकणारा प्रखर दिवा जनावराच्या डोळ्यांवर पडला की ते पळत नाही, जागच्या जागी खिळतं. रात्रीच्या प्राण्यांच्या डोळ्यांत मागे एक परावर्तक पडदा असतो, मंद उजेडात बघण्यासाठी. त्यामुळे आपल्याला डोळे चमकताना दिसतात. त्या बिचाऱ्या भेकराला किंवा उदमांजराला मात्र समोर फक्त पांढरं दिसतं. गाडी येतेय हे कळायलाही मार्ग राहत नाही.

आणि बेडूक? आंबोलीचा तो छोटा भेक, ज्याचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं, तो जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो. पहिल्या पावसात हे जीव रस्त्यावर येतात. ते २०० मीटर लांब फेकणाऱ्या दिव्याने दिसत नाहीत. लोअर लाइट, ताशी २० चा वेग आणि पुढच्या दहा मीटरवर नजर, एवढ्यानेच दिसतात. आमच्या फेऱ्यांमध्ये एका किलोमीटरवर चिरडलेले वीस-पंचवीस जीव मोजायचे दिवस येतात. ते मोजताना खूप वाईट वाटतं.

अभयारण्यांच्या नाक्यांवर छतावर सर्च लाइट असलेली गाडी दिसली की वनरक्षक कसून चौकशी करतात. चोरटी शिकार करणारे तेच वापरतात. त्यांची चौकशी योग्यच आहे.


वाळूतला_मालवणी (दुबई)

इथे वाळवंटात दर शुक्रवारी-शनिवारी जातो, त्यामुळे कॅरिअरचा अनुभव आहे. वाळूच्या टेकडीवर आडवं जाताना गाडी सतत तिरकी असते. माझ्याकडे आधी भरलेलं लोखंडी कॅरिअर होतं. एकदा खालच्या बाजूची वाळू सरकली आणि वरचं वजन गाडीला ओढतंय हे पाठीच्या कण्यात जाणवलं. त्यानंतर कॅरिअरवर फक्त वाळूतून बाहेर पडायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आणि फावडं. पाणी, पेट्रोल, जॅक सगळं खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून.

कोकणातल्यांसाठी एक. माझा भाऊ देवगडला असतो, त्याच्या गाडीवर अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर स्टीलच्या बोल्टांनी बसवलंय. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम बोल्टभोवती पांढरं पडून खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचे वॉशर घालायचे आणि बोल्टला अँटी-सीझ ग्रीस लावायचं. गटरवर क्लॅम्प बसतो तिथे रबर घातलं नाही तर रंग घासला जातो आणि एका पावसात गंज धरतो.


कातळकडा

मंडळी, तीन महिन्यांनी लिहितोय. काम झालं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार. तपशील देतो, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

कॅरिअर उद्यमनगरी दादांनीच बनवलं. गाडी घेऊन कोल्हापूरला गेलो, दोन दिवस राहिलो. अ‍ॅल्युमिनियम, लांबी १४० सेंटिमीटर, रुंदी १२०. खाली सपाट पट्ट्या, कडेला फक्त चार बोटं उंच कठडा. शिडी नाही. गटरवर सहा पाय, दर बाजूला तीन, आणि ते शक्य तितके खांबांच्या वर येतील असे, कारण तिथे गटरला खालून आधार असतो. मध्येच कुठेही पाय ठेवला तर पत्रा वाकतो, हे दादांनी एका जुन्या गाडीवर दाखवलं. पावडर कोटिंग काळं. काट्यावर वजन १३ किलो २०० ग्रॅम.

वर ठेवतो ते हलकं आणि मोठं : तंबू, झोपायच्या मॅट, अंथरुणाची पिशवी. सगळं मिळून १४-१५ किलो. पाणी, शेगडी, हत्यारं खाली. मुलांच्या पायांशी आता काही नसतं, धाकटी तिथे बाहुली घेऊन बसते.

दिवे. छताच्या पुढे काहीही नाही. कंपनीने दिलेले फॉग दिवे बंपरमध्ये खालीच आहेत, त्यांच्या काचेवर पिवळी फिल्म लावली आणि भिंतीसमोर गाडी उभी करून त्यांची उंची बरोबर आहे का ते बघून घेतलं. एवढंच. जूनअखेर मुद्दाम ताम्हिणीत गेलो. विंझाईच्या देवळाच्या पुढे धुकं भेटलं. लोअर आणि पिवळे फॉग, वेग २०. डावीकडचा पट्टा पूर्ण वेळ दिसत होता. मागून कुणी रडलं नाही.

मुक्कामासाठी मात्र दोन छोटे दिवे लावले, प्रत्येकी १० वॅट, कॅरिअरच्या डाव्या कठड्याला आतून, खाली तोंड करून. स्वयंपाक करताना आणि तंबू ठोकताना फार सोय होते. दोन्ही मिळून पावणेदोन अ‍ॅम्पिअरसुद्धा लागत नाही. तरी बारा_व्होल्ट काकांच्या मुलाकडून नाशिकला वायरिंग करून घेतलं. बॅटरीजवळ ५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, रिले, दीड चौरस मिमीची तार, झोळ, ग्रोमेट. रिलेला हँडब्रेकशी जोडलंय, त्यामुळे हँडब्रेक ओढल्याशिवाय ते दिवे लागतच नाहीत. ही कल्पना त्यांच्या मुलाची. मला फार आवडली.

एकूण खर्च साडेतेवीस हजार, प्रवास सोडून. विमा कंपनीला बिलासकट कळवलं.


ओलीवाट

अभिनंदन! एक विचारायचं होतं. कॅरिअरचा वाऱ्याने आवाज येतो का? माझ्या गाडीवर ८० च्या पुढे शीळ वाजते, मुलं कान झाकतात. आणि बोल्ट ढिले होतात का?


उद्यमनगरी (कोल्हापूर)

शीळ पुढच्या गोल पाइपवरनं किंवा दिव्याच्या मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांवरनं येते. वारा कडेवरून सुटताना ठराविक तालात भोवरे सोडतोय, त्याचा तो सूर. पुढच्या पाइपला दोरी नागमोडी गुंडाळून बघा, ताल मोडतो. नाहीतर पुढं तिरकी पट्टी लावा, वारा वरून निघून जाईल. एलईडी बार असेल तर त्याच्या पंखांच्या फटीत रबराची पट्टी बसवा.

बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरला आवळायचेच, रबर दबून बसतं म्हणून. मग ५०० ला. नायलॉनवाला नट आणि आटे धरून ठेवणारं निळं थ्रेड लॉक लावलं तर त्यानंतर सहसा हलत नाहीत. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर मात्र एकदा हात लावून बघत जा.


कातळकडा

ओलीवाट, ९० पर्यंत शीळ नाही, दादांनी पुढे तिरकी पट्टी दिली आहे. हलका घोंगावणारा आवाज येतो, गाणी लावली की जाणवत नाही. सामान वर असेल तर महामार्गावर मायलेज लिटरला अंदाजे एक किलोमीटरने कमी मिळतं, म्हणून गरज नसेल तेव्हा कॅरिअर उतरवून ठेवतो. दोघांनी वीस मिनिटांत निघतं.

१०० किलोमीटरला आवळले तेव्हा सहापैकी दोन पायांचे बोल्ट पाऊण आटा फिरले होते. ५०० ला एकही नाही. येत्या रविवारी सगळे पाय काढून गटरचा रंग तपासणार आहे. रबराखाली पाणी साचतंय का ते बघतो आणि फोटो इथेच टाकतो.